सहा बाय सहा

तुम्ही खोटं लिहिलंत, असा आरोप नाही. खोटं लिहिणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. तुम्ही बघितलंच नाहीत. रतन निकाळजेच्या डोळ्यांत बॅटरी मारलीत, भिंतीवरचा तक्ता वाचून घेतलात, कार्डावर 'दोन्ही डोळे सहा बाय सहा, क्रेन चालवण्यास योग्य' असं लिहिलंत, सही ठोकलीत आणि पुढच्या माणसाला आत बोलावलंत. सगळं मिळून चार मिनिटं. त्या चार मिनिटांत एकदा त्याच्या डोक्यामागे हात फिरवला असतात तर बारा टाक्यांचा वण बोटाला लागला असता. कारखान्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी दोन तास बसणाऱ्या डॉक्टरला सगळंच ठाऊक असतं असं कुणी म्हणत नाही. पण जे ठाऊक नाही त्याखाली सही कशी होते?

आता झालं ते ऐका. पहिल्यापासून.

रतन निकाळजे, वय अडतीस, राहणार भटवाडी, घाटकोपर. मुलुंडला आग्रा रोडवर तुमचा तो टाक्या बनवणारा कारखाना, त्याच्या दोन नंबरच्या शेडमध्ये अकरा वर्षं क्रेनवर. शेडच्या छपराखाली दोन भिंतींवरून रूळ गेलेत, रुळांवरून एक आडवा पूल सरकतो आणि पुलाला पत्र्याची केबिन लटकते. त्या केबिनमध्ये रतन बसायचा. खाली खलाशी असतो. खलाशी म्हणजे मालाला साखळ्या बांधून आकड्यात अडकवणारा माणूस. शेडमध्ये घण, कटर आणि ग्राइंडर यांचा एवढा कालवा की तोंडाने बोलणं फुकट. खालचा खलाशी हाताने खूण करतो आणि वरचा माणूस ती बघून पाच टन लोखंड उचलतो. तळहात वर केला, उचल. मूठ धरली, थांब. खलाशाचा जीव वरच्याच्या डोळ्यांत असतो, असं शेडमध्ये कुणी म्हणत नाही, कारण ते म्हणायची गरज पडत नाही.

रतनचा खलाशी धाकू परब. देवगडकडचा, पन्नाशीला आलेला, आयुष्यात एकदाही हळू आवाजात न बोललेला. धाकू उभा राहायचा तो केबिनच्या डाव्या हाताला, खांबाजवळ. अकरा वर्षं तीच जागा. तिथे सिमेंटवर त्याच्या बुटांनी घासून दोन फिकट डाग पाडलेत. खोटं वाटलं तर जाऊन बघा.

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत केबिनच्या शिडीचा दांडा निसटला. तो हलतो म्हणून रतनने सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. नऊ फुटांवरून तो उताणा पडला आणि डोक्याची मागची उजवी बाजू खाली पडलेल्या प्लेटच्या कडेवर आपटली. धाकूने हाताला लागेल तेवढं मशीन पुसायचं कॉटन वेस्ट जखमेवर दाबलं आणि टेम्पोत घालून नेईपर्यंत शिव्या देत राहिला, रतनला, शिडीला, देवाला, क्रमाने. नऊ दिवस हॉस्पिटल. बारा टाके. कागदावर लिहिलं, 'जखम भरली.' जखम खरंच भरली होती.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी रतनचा डावा खांदा दाराच्या चौकटीला धडकला. दुसऱ्या दिवशीही धडकला. तिसऱ्या दिवशी शकु म्हणाली, "दार तिथंच आहे अकरा वर्षं. तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा सरकवलं नाही मी."

ती त्याची बायको. हसत म्हणाली आणि तो पण हसला. मग ती डाव्या हाताला चहाचा कप ठेवायची आणि तो पाच मिनिटांनी विचारायचा, "चहा देणार का नाही?" दोनदा कप लवंडला. पेपर वाचायला घेतला तर ओळ मधूनच सुरू व्हायची. 'मंत्र्यांचे आश्वासन' असं छापलेलं असायचं आणि त्याला दिसायचं 'श्वासन'. बातमीत काही दम नाही म्हणून त्याने पेपर बाजूला टाकला. माणूस स्वतःला किती दिवस फसवू शकतो याला काही माप नाही.

मग रविवारी धाकू बघायला आला. हातात पपई, बसला तो पलंगाच्या डाव्या टोकाला. रतन समोर भिंतीकडे बघत बसलेला.

"काय रे, रुसलंस काय माझ्यार?" धाकू म्हणाला.

रतन दचकला. आवाज कानाजवळून आला आणि माणूस कुठेच नव्हता. त्याने मान फिरवली तेव्हा धाकू हळूहळू हजर झाला, आधी कान, मग मिशी, मग पपई.

"कधी आलास?"

"कधी आलास? मेल्या, दहा मिनिटां झाली! शकुवैनीन पाणी दिल्यान, मी पियालंय, तुझ्या म्हशीची चौकशी केलंय—"

"मला म्हैस नाही."

"ता म्हायत आसा माका. बघीत होतंय, तू आयकतंस काय नाय."

शकु हसली नाही. ती मोरीजवळ भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

धाकू गेल्यावर रतनने डावा डोळा तळहाताने झाकला. डोळा गेलाय तर तो डावाच असणार, हे उघड होतं. उजव्याने समोर भिंतीवरचा फोटो पाहिला. निळ्या कोटातल्या बाबासाहेबांचा उजव्या बाजूचा अर्धा चष्मा दिसला, डावीकडचा नाही. त्याने हात बदलला. उजवा झाकला, डाव्याने पाहिलं. तोच अर्धा चष्मा.

त्याने चार वेळा हात बदलला.

डोळा एक जायला हवा होता. गेलं होतं ते दोन्ही डोळ्यांतलं डावं. अशी चोरी त्याने ऐकली नव्हती. काळोख नव्हता, धुकं नव्हतं, दुखत नव्हतं. डावीकडे काही नव्हतंच, आपल्या पाठीमागे जसं काही नसतं तसं.

"गुरुवारी डॉक्टरला सांगून टाका सगळं," शकु म्हणाली.

"सांगणारच आहे."

आणि गुरुवारी त्याने काय केलं, ते सांगण्याआधी तक्त्याची भानगड सांगायला हवी. ती तुम्हाला ठाऊक नसेल तर ती तुमची दुसरी चूक.

तुमच्या खोलीत स्टुलासमोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला असायचा. वर मोठा 'ट', मग 'र ग', मग 'न म ल', आणि असं बारीक होत होत खाली 'ग प न र ल म' आणि सगळ्यात शेवटी 'त व ल ग म र द'. कोपरा झुरळांनी खाल्लेला. नऊ वर्षांपूर्वी एका फिटरला खालच्या दोन ओळी वाचता आल्या नाहीत. त्याला चष्मा हवा होता. तुम्ही त्याला झाडू दिलात. तीन महिन्यांत तो नोकरी सोडून गावी गेला. त्या वर्षापासून ज्यांची नजर शाबूत ते आतून बाहेर आले की रांगेतल्यांना ओळी सांगायचे आणि रांगेतले पाठ करायचे. पुढे पुढे रांगेची गरज उरली नाही. कारखान्यात नवा माणूस लागला की त्याला आधी तक्ता शिकवायचे आणि मग मशीन. गपनरलम, तवलगमरद. कॅन्टीनच्या कुंदाबाईंनाही येत होता, त्यांची तपासणी कधी झाली नसताना. धाकू तो भजनाच्या ठेक्यावर म्हणायचा, कारण धाकूला तिसऱ्या ओळीखालचं काही दिसत नव्हतं आणि सहा वर्षं दिसत नव्हतं. साखळी बांधून आकड्यात अडकवायला तेवढी नजर पुरते, असं त्याचं म्हणणं. दर वर्षी तपासणीच्या दिवशी पहिला माणूस बाहेर आला की सगळे एकच विचारायचे.

"तोच का?"

"तोच रे."

की रांग सैल पडायची आणि लोक तंबाखू मळायला लागायचे.

तर गुरुवारी रतन स्टुलावर बसला. तुम्ही बॅटरी मारलीत. बाहुली आकसली, ठीक. "बोट बघ," ठीक. "डावा डोळा झाक. वाच."

त्याने तक्त्याकडे बघितलं. त्याची नजर प्रत्येक ओळीच्या मध्यावर जाऊन बसली आणि तिथून उजवीकडचीच अक्षरं त्याला दिसली. 'ग प न र ल म' नव्हे, नुसतं 'र ल म'. आता सांगावं असं त्याच्या मनात होतं. पण स्टुलावर बसून हात डोळ्यावर गेला, समोरून "वाच" असा आवाज आला, आणि नऊ वर्षांच्या सवयीचं तोंड आपसूक सुटलं.

"ट. र ग. न म ल. प व त द. ल ग न र म. ग प न र ल म. त व ल ग म र द."

"दुसरा."

दुसऱ्या डोळ्यालाही तेच. एकही अक्षर चुकलं नाही. तुम्ही लिहायला लागलात आणि तेव्हा कुठे तो बोलला.

"साहेब, मला डावीकडचं दिसत नाही."

"कुठल्या डोळ्याने?"

"दोन्ही डोळ्यांनी."

तुम्ही हसलात. आठवतं का? "अरे, डाव्या डोळ्याने दिसत नाही असं तरी सांगायचंस. नीट शिकून तरी यायचं! आत्ता डावीकडून उजवीकडे घडाघडा वाचलास ना?"

 'साहेब, तो पाठ आहे' हे चार शब्द रतनच्या जिभेवरच राहिले. दाराच्या फटीतून बाहेर रांग दिसत होती, उजव्या बाजूला, म्हणजे त्याला दिसत होती. त्यात धाकू होता. ते चार शब्द बोलला असता तर तक्ता उतरला असता आणि तक्त्याबरोबर धाकू, आणि आणखी किती जण, मोजून त्याला सांगता आलं नसतं.

"आराम पुरे झाला," तुम्ही म्हणालात. "पुढच्या सोमवारी वर चढ."

कार्ड घेऊन तो बाहेर आला.

"तोच?" धाकूने विचारलं.

"तोच."

घरी शकुने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "पाठ म्हणून दाखवलंत? शाळेत असता तसे?"

"तोंडातून गेलं गं."

"आणि सोमवारी धाकूभावजींच्या अंगावर प्लेट गेली म्हणजे? ते पण तोंडातून गेलं म्हणणार?"

 सोमवारी चढायचं तर डावीकडचा माणूस मरणार होता, आज नाही तर महिन्याने. चढायचं नाही तर 'डोळे ठीक असून काम टाळतो' म्हणून नोकरी जाणार होती. खरं बोलायचं तर धाकूची जाणार होती. तीन वाटा आणि तीनही भिंतीत जाणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी शकुने त्याला उजव्या हाताला घेऊन महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. मुद्दाम ती डावीकडून चालली, आणि त्याला वाटेत तीनदा विचारावं लागलं, "शके, आहेस ना?"

"आहे. गेले असते तर बांगड्या वाजल्या असत्या."

डोळ्यांच्या विभागात बाकावर दोन तास काढल्यावर त्यांचा नंबर लागला. समोर एक शिकाऊ डॉक्टर होती, डॉक्टर उत्तरा, फार तर पंचवीस वर्षांची, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. केसपेपरवर खाली मान घालून तिने विचारलं, "कुठला डोळा?"

"तेच कळत नाही, बाई. दोन्हींतलं डावं गेलंय."

तिचं पेन थांबलं. तिने मान वर केली. "परत सांगा."

त्याने परत सांगितलं. ती हसली नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. "माझ्या नाकाकडे बघा. नजर नाकावरून हलवायची नाही."

रतनने शकुकडे पाहिलं.

"बघा, बघा," शकु म्हणाली, "मी काही म्हणत नाही."

डॉक्टरणीने दोन्ही हात बाजूंना पसरले. "बोट हललं की सांगायचं."

"हललं," रतन म्हणाला. उजवं. "हललं." परत उजवं. मग बराच वेळ काही झालं नाही आणि तो नाकाकडे बघत वाट पाहत राहिला.

"अहो, हलवतायत ना त्या!" शकु ओरडली. "कधीपासून हलवतायत!"

मग तिने पदर तोंडाला लावला. तोवर तिने हे नुसतं ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरणीने एकेक डोळा झाकून तेच केलं. दोन मिनिटं लागली. उपकरण लागलं ते तिची दहा बोटं. मग तिने उठून त्याच्या डोक्यामागे हात घातला, उजवीकडचा वण चाचपला आणि म्हणाली, "हं."

"डोळे गेले का?"

"डोळे उत्तम आहेत. माझ्यापेक्षा चांगले."

"मग दिसत का नाही?"

"डोळे बघत नाहीत. ते फक्त कळवतात."

"मग बघतं कोण?"

तिने त्याच्या वणावर बोट टेकवलं. "हे."

मग केसपेपर उलटा करून तिने चित्र काढलं. बाहेर रांग खोळंबली होती, शिपाई दोनदा डोकावून गेला, तरी काढलं. वर दोन गोल, ते डोळे. उजेड डोळ्यात शिरतो आणि मागच्या पडद्यावर पडतो, उलटा. तिथे त्या उजेडाचं संदेशात रूपांतर होतं, विजेसारखं काहीतरी, आणि एकेका डोळ्यामागून दहा लाख तंतूंची एक जुडी निघते. नाकाच्या मुळामागे दोन्ही जुड्या भेटतात. इथे तिने पेन दाबून फुली काढली.

"इथे गंमत आहे. प्रत्येक जुडीतले नाकाकडचे निम्मे तंतू पलीकडे जातात आणि उरलेले आपल्याच बाजूने पुढे जातात. म्हणजे डाव्या डोळ्याने पाहिलेलं डावीकडचं जग आणि उजव्या डोळ्याने पाहिलेलं डावीकडचंच जग, दोन्ही एकत्र होऊन उजव्या मेंदूत जातात. मध्ये एक थांबा आहे, तिथून पुढे पार मागे. डोक्याच्या तळाशी नाही, मागच्या भिंतीला. तिथे पोचेपर्यंत तुम्हाला काही दिसलेलं नसतं."

रतनने चित्राकडे पाहिलं. मान डावीकडे वळवून पाहिलं, म्हणजे पूर्ण दिसलं. अकरा वर्षं तो खुणा वाचून खात होता, त्याला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे दोन खलाशी आहेत, बाई. दोघेही शाबूत. दोघेही बरोबर खूण करतायत. पण वर केबिनमध्ये डावीकडच्या खुणा बघणारा माणूस होता, तो पडला."

तिने पेन खाली ठेवलं. "आम्हाला कॉलेजात एवढं सोपं नव्हतं सांगितलं."

"चष्मा?"

"चष्मा डोळ्याला लागतो."

"परत येईल?"

"थोडं येतं कधीकधी, पहिल्या काही महिन्यांत. पूर्ण येईल असं मी सांगणार नाही. रस्त्याने चालताना मान डावीकडे फिरवायची सवय लावा. पण क्रेन नाही. गाडी नाही. उंचावरचं काही नाही."

"पण तक्ता मी पूर्ण वाचला. सहा बाय सहा लिहिलंय."

"कसा वाचलात?"

त्याने सांगितलं. ती आधी हसली, मग तिला लाज वाटली असावी. "तक्ता नजर किती बारीक आहे ते सांगतो," ती म्हणाली. "नजर किती रुंद आहे ते सांगत नाही. पाठ नसता तरी त्यांनी कदाचित सहा बाय सहाच लिहिलं असतं. अर्धी नजर असली तरी बारीक अक्षर वाचता येतं. पण डावीकडची अक्षरं सुटली असती, आणि ते कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं."

तिने चिठ्ठी लिहून दिली, मोठ्या डॉक्टरांची सही आणली. समोर बसवून, बोटं हलवून तपासलं, दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा डावा अर्धा भाग गेलेला, कारण डोक्यामागची इजा, क्रेनचं काम देऊ नये.

ती चिठ्ठी रतनने शनिवारी तुमच्या टेबलावर ठेवली. पुढच्या गुरुवारी कुणाचं तरी लग्न म्हणून तुम्ही शनिवारीच आला होतात, घाईत होतात. चिठ्ठी वाचलीत. आपला कागद काढलात. दोन्ही शेजारी ठेवलेत.

"लागलं कुठे? डोक्याला, मागे. डोळे कुठे? पुढे. मागे लागून पुढचं कसं जाईल? ही पोरगी शिकाऊ आहे. आणि तू माझ्यासमोर अक्षरन् अक्षर वाचलंस. तेव्हा खोटं बोलत होतास का आत्ता बोलतोस? एक काहीतरी सांग."

रतन परत गप्प बसला. तुम्हाला ते गप्प बसणं कबुलीसारखं वाटलं.

रविवारी त्याने धाकूला भटवाडीच्या वळणावर चहाच्या टपरीशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. केसपेपरच्या मागचं चित्रही दाखवलं. धाकूने ते डोळ्यांपासून एका वितीवर धरलं, कारण त्याहून लांबचं त्याला वाचता येत नव्हतं.

"म्हंजे उद्यापासून मी उभो रवान हात हलवतलंय, आणि तुका हात दिसूचो नाय."

"हात नाही, तू पण नाही."

"आणि हे तू माका आठ दिवसांनी सांगतंस?"

"तुझी नोकरी जाईल रे. तक्ता फुटला की."

धाकूने बशीतला चहा संपवला. "नोकरी जायत तर जायत. माझा डोक्या ऱ्हवात मां?" मग बशी खाली ठेवत, "आवशीक खाव त्या तक्त्याच्या. सहा वर्सां पाठ करून करून माझी हनुमान चालिसा इसरलंय मी."

सोमवारी सकाळी साडेसातला दोघे शेडमध्ये गेले नाहीत, दवाखान्यात गेले. तपासणी उरकायची म्हणून तुम्ही आला होतात, बाहेर पंधरावीस जणांची रांग होती. धाकू रांग मोडून आत शिरला, रतन त्याच्या मागे. धाकूने विचारलं नाही, बसला नाही. तक्त्याकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं, हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे गेटपर्यंत जाईल अशा आवाजात, सुरू केलं.

"ट! र ग! न म ल! प व त द!"

तळाची ओळ आली तोवर बाहेरच्या रांगेतूनही कुणीतरी म्हणत होतं. मग आणखी कुणी. त्यांनी ठरवलं नव्हतं. तवलगमरद. सवय.

"आता सांगा," धाकू वळून म्हणाला, "माझी पाठ पण सहा बाय सहा आसा काय?"

रांगेत कुणी हसलं नाही.  तेव्हा तुम्हाला एकच गोष्ट करायची होती. खुर्ची पुढे ओढायची, रतनला समोर बसवायचं, आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं आणि दोन बोटं हलवायची. चिठ्ठीतही ते लिहिलं होतं. दोन मिनिटं.

तुम्ही पेन उचललंत. धाकू परबच्या कार्डावर 'नजर अपुरी' लिहिलंत आणि त्याच्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार वर पाठवलीत. रतनच्या कार्डाला हात लावला नाहीत. "आत्ता जे झालं त्याने तुझा कागद बदलत नाही," म्हणालात. "कारखान्याच्या नोंदीत तुझे डोळे ठीक आहेत. वर चढ, नाहीतर राजीनामा लिही."

तेव्हा रतन बोलला. आवाज चढवला नाही. अकरा वर्षं खुणांनी बोलणाऱ्या माणसाचा आवाज तसाही बेताचाच असतो.

"चढतो, साहेब. आत्ता चढतो. दोन टनांची प्लेट उचलतो आणि डावीकडे नेतो. फक्त धाकूच्या जागी तुम्ही उभे राहा. खांबाजवळ, जिथे सिमेंट घासलंय तिथे. मला खुणा करा. माझे डोळे ठीक आहेत ना?"

तुम्ही म्हणालात, "बाहेर हो."

याला आज बावीस दिवस झाले. तक्ता दुसऱ्या दिवशी बदलला. नव्या तक्त्याच्या तीन ओळी आत्ताच कॅन्टीनमध्ये फिरतायत. धाकू गेटाजवळ झाडू मारतो. झाडूक वळी वाचूच्यो लागणत नाय, म्हणतो, आणि कुणी न विचारता म्हणतो. क्रेनवर रात्रपाळीच्या माणसाला डबल ड्यूटी लावलीय. रतनच्या घरी दर सोमवारी कारखान्याचं पत्र येतं की डोळे ठीक असूनही आपण कामावर गैरहजर आहात. शकु ते डाव्या बाजूला ठेवत नाही आता. उजवीकडे ठेवते, म्हणजे त्याला दिसावं. तो ते मान फिरवून, ओळीची सुरुवात बोटाने धरून, शेवटपर्यंत वाचतो.

त्याने एकाही पत्राचं उत्तर दिलेलं नाही, कारण त्याचा प्रश्न आधीचा आहे आणि तो अजून तुमच्या टेबलावर पडलाय. येत्या सोमवारी सकाळी साडेसातला तो दोन नंबरच्या शेडमध्ये येणार आहे. तुमच्या कागदावर तुमचा विश्वास असेल तर भीती कसली? जागा ठरलेली आहे, डागही पडलेले आहेत.

रतन निकाळजे वर केबिनमध्ये बसलेला असताना तुम्ही खाली, त्याच्या डाव्या बाजूला, उभे राहाल का? हो की नाही, एवढंच लिहा. आणि खाली सही करा.